नखीएवढी गोष्ट

गेल्या वर्षी भाऊबीजेला मी बहिणीकडे नाकाडोंगरीला गेलो होतो. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातले, मँगनीजच्या खाणींच्या परिसरातले हे गाव. दिवाळी झाली की त्या भागात गावोगावी मंडई भरते. दंडार रंगते, नाटके होतात, लेकीबाळी माहेरी येतात. दुसऱ्या दिवशीच्या मंडईत आमच्या भाच्याला मित्राच्या गाण्यांना गिटारची साथ करायची होती. आणि स्वारी तोंड पाडून बसली होती!

अपराध माझाच. भाच्याची जुनी नखी मोडली, म्हणून मी शहरातून नवी नेली होती. ही गिटारची नखी, मुले तिला ‘पिक’ म्हणतात. दुकानात नाना तऱ्हेच्या नख्या मांडलेल्या. त्यांतली सर्वांत जाड आणि सर्वांत महाग मी उचलली. जाड ते टिकाऊ, महाग ते चांगले, हा आपला घरगुती हिशेब! पण तिने साथ सुरू केली, तर पत्र्यावर खडे पडल्यासारखा आवाज. एक तारही तुटली. बहीण म्हणाली, “भाऊ, याच्या हातातच नाही वाटते.” पोराचा चेहरा एवढासा झाला.

सुदैवाने जास्तीची तार घरात होती. ती चढवता चढवता आम्ही मामा-भाच्यांनी नखीशास्त्राचा अभ्यास केला.

पहिली गोष्ट जाडीची. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची नखी पातळ. ती तारांवर वाकते, म्हणून सहाही तारा एका झटक्यात छेडून साथ करायला सोपी. एक मिलिमीटर किंवा त्याहून जाड नखी वाकत नाही. एकेक स्वर ठसठशीत काढायला ती उत्तम. पण साथीत नवशिक्याचा हात तिने अडखळतो. पाऊण मिलिमीटरची मधली नखी दोन्ही कामांना चालते.

दुसरी गोष्ट द्रव्याची. पूर्वी उंची नख्या समुद्री कासवाच्या कवचाच्या असत. १९७०च्या दशकात त्या कवचाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. सेल्युलॉइड त्याआधीच पुढे आले होते. त्याचा आवाज खणखणीत, पण ते झिजते आणि पटकन पेट घेते. नायलॉन लवचीक, मात्र गुळगुळीत असल्याने त्यावर पकडीसाठी खरखरीत ठसे उठवतात.

तिसरी गोष्ट आकाराची. टोकदार नखीचा सूर धारदार, गोलसर नखीचा मऊ. तिन्ही कोपरे सारखे असलेली मोठी नखी धरायला सोपी, आणि एक कोपरा झिजला की दुसरा वापरता येतो.

आपल्या कारागिरांना हे नवे नाही. सतारीची नखी पोलादी तारेची, तर सरोदाचा जवा पुष्कळदा नारळाच्या करवंटीचा. तंबोऱ्याला तर उघडी बोटेच हवीत. तिथे नखी लावली, तर त्या गुंजनाचा जीवच जाईल. ज्याचे काम त्याची नखी!

“पण मामाजी, उद्यापर्यंत मधली नखी आणायची कुठून?” भाच्याने विचारले. उत्तर बहिणीच्या कपाटात निघाले. बँकेचे मुदत संपलेले कार्ड! त्याची जाडी ०.७६ मिलिमीटर, म्हणजे नेमकी मधली. माझी महागडी नखी त्यावर ठेवून आम्ही पेन्सिलीने आकार काढला, कात्रीने कापला आणि कडा पॉलिशपेपरने घासून गुळगुळीत केल्या. नाही तर काठ तारेत अडकतो.

भाच्याने हात फिरवला. तेच बोट, तीच गिटार; पण सूर घरभर पसरले. ओसरीवर बसलेले त्याचे आजोबा तरुणपणी तुणतुणे वाजवीत. ते हसून म्हणाले, “पोराचा हात चांगला हाय. काडीच चुकली होती.”

दुसऱ्या रात्री मंडईत बहीण सर्वांत पुढे बसली होती. पहिले गाणे संपल्यावर तिने माझ्याकडे न पाहता हळूच डोळे पुसले.

तेव्हा, वाचकहो, घरात कुणी गिटार शिकत असेल, तर पातळ, मधली आणि जाड अशा तीन नख्या आणून द्या. तिघी मिळूनही गिटारपुढे त्यांची किंमत किरकोळच. आणि मुलाच्या हाताला नावे ठेवण्याआधी त्या हातात आपण काय दिले आहे, तेवढे पाहा.