झोपलेल्या जंतूला गाठताना

उरवड्याहून पिरंगुट, भूगावमार्गे पुण्याकडे येताना चांदणी चौक ओलांडला, की पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे एनसीएल, फार दूर राहत नाही. क्षयाच्या औषधशोधातल्या एका जुन्या अडचणीवर तिथे साध्या गुलाबी रंगाने वाट काढली गेली.

अडचण जंतूच्या स्वभावातच आहे. ई. कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जंतूला जवळपास दिवस लागतो. त्यात फुप्फुसातल्या गाठींमध्ये प्राणवायू कमी पडला, की काही जंतू वाढच थांबवतात. अनेक प्रतिजैविके वाढत्या जंतूचे बांधकाम बंद पाडतात. काम आधीच थंडावलेले असेल, तर त्यांचा मारा बोथट होतो. म्हणूनच बरे वाटू लागल्यावरही महिनोन् महिने गोळ्या घ्याव्या लागतात. त्या मध्येच सोडल्या, तर औषधांना दाद न देणारे जंतू माजू शकतात. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी तपासलेल्या एकाही औषधाला न जुमानणाऱ्या क्षयाची नोंद केली, तेव्हा 2012 मध्ये देशभर खळबळ उडाली होती.

मग नवे संयुग सुप्त जंतूवर तपासायचे कसे? एनसीएलमधील अर्शद खान आणि धीमान सरकार यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत बीसीजी लशीतला जंतू वापरला. बंद तबकडीत वाढताना तो प्राणवायू संपवतो आणि सुप्त होतो. जिवंत जंतू नायट्रेटचे नायट्राइट करतो. त्यावर ठरावीक रसायन घातले, की गुलाबी रंग येतो. संयुग लागू पडले, तर रंग फिका. शिवाय चाचणी अख्ख्या जंतूवर असल्याने त्याच्या मेणचट भिंतीतून आत न शिरणारे संयुग इथेच गळते.

बेडाक्विलिन हे क्षयाचे औषधही अख्ख्या जंतूवरच्या चाचणीतूनच हाती लागले. त्याचा शोध 2005 मध्ये जाहीर झाला आणि 2012 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते जंतूचे ऊर्जा बनवणारे विकर रोखते. झोपलेल्या जंतूलाही जगायला थोडी ऊर्जा लागतेच, आणि नेमके तिथेच ते घाव घालते. बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन यांच्या सहा महिन्यांच्या उपचाराला भारताने 2024 मध्ये मान्यता दिली. पूर्वी औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरचे उपचार वीस महिन्यांपर्यंत चालत.

पण बेडाक्विलिनला पुरून उरणारे जंतूही आता आढळू लागले आहेत. पुढचे औषध शोधायची वेळ हे औषध लागू पडत असतानाच आली आहे.