मांजराची घुरघुर

मांजराची घुरघुर हा मार्जार कुलातील काही प्राण्यांच्या स्वरयंत्रातून निघणारा सलग, खर्जातील आणि कंपयुक्त ध्वनी आहे. मांजर तो तोंड मिटून काढते. श्वास आत घेताना व बाहेर सोडताना, दोन्ही वेळा तो चालू राहतो. ‘म्याव’ मात्र मुख्यत्वे उच्छ्वासाबरोबर उमटते. या ध्वनीला मराठीत ‘गुरगुर’ असेही म्हणतात. परंतु तोच शब्द कुत्र्याच्या रागालाही लागू होत असल्याने प्रस्तुत लेखात ‘घुरघुर’ हा शब्द योजला आहे.

ध्वनीची निर्मिती

घुरघुरीची मूळ वारंवारता साधारणपणे २५ ते ३० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितकी कंपने, एवढी असते. पुरुषाच्या बोलण्यातील स्वरही सहसा १०० हर्ट्झच्या आसपास असतो. चार-पाच किलो वजनाच्या प्राण्याच्या इवल्याशा स्वरयंत्रातून त्याहून कितीतरी खालचा स्वर कसा निघावा, हा शास्त्रज्ञांपुढील खरा प्रश्न होता. मेंदूकडून येणाऱ्या तालबद्ध संदेशांमुळे स्वरयंत्राचे स्नायू वेगाने आकुंचन-प्रसरण पावतात, स्वरद्वार अरुंद-रुंद होते आणि हवा थरथरते, असे उत्तर १९७०च्या दशकापासून सर्वमान्य होते. स्नायूंतील विद्युत् हालचालींच्या नोंदींचा त्याला आधार होता.

व्हिएन्ना विद्यापीठातील ख्रिस्तियान हेर्ब्स्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने या उत्तराला धक्का दिला. असाध्य आजारामुळे दयामरण दिलेल्या आठ पाळीव मांजरांची स्वरयंत्रे त्यांनी मालकांच्या संमतीने अभ्यासली. त्यांतून उष्ण, दमट हवा सोडताच २५ ते ३० हर्ट्झचा ध्वनी उमटला. तेथे मेंदूचा संदेश नव्हता, की स्नायूंचे आकुंचनही नव्हते. या मांजरांच्या स्वररज्जूंमध्ये संयोजी ऊतींच्या लहान गाद्या आढळल्या. तानपुऱ्याची खर्जाची तार जाड असल्यामुळे मंद कंप पावते. तसाच परिणाम या गाद्यांच्या भाराने होत असावा. अर्थात, जिवंत मांजरात स्नायूंचा वाटा नसतोच, असे यावरून सिद्ध होत नाही.

वाघाची मावशी

वर्धा व नागपूर जिल्ह्यांच्या सीमेवरील बोर अभयारण्याला २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. तेथील वाघ डरकाळी फोडतो, पण मांजरासारखी सलग घुरघुर त्याला साधत नाही. जवळीक दाखवताना तो नाकपुड्यांतून तुटक फुरफुर करतो. लोकांनी मांजराला वाघाची मावशी ठरवले असले, तरी मावशीची ही विद्या भाच्याकडे आलेली नाही. हा भेद पूर्वी केवळ कंठिकास्थीवरून, म्हणजे जिभेच्या मुळाशी असलेल्या हाडावरून, सांगितला जाई: हाड पूर्ण कठीण असेल तर घुरघुर, काही भाग लवचीक असेल तर डरकाळी. मात्र हिमबिबट्याचे हे हाड पूर्ण कठीण नसूनही तो डरकाळी फोडत नाही. त्यामुळे हे स्पष्टीकरण अपुरे ठरते आणि स्वररज्जूंच्या रचनेला अधिक महत्त्व येते. चित्ता आकाराने मोठा असूनही घुरघुरतो.

घुरघुरीचे अर्थ

पिल्ले जन्मतः आंधळी व जवळजवळ बहिरी असतात. आईच्या अंगाची थरथर मात्र त्यांना जाणवते. काही दिवसांतच तीही घुरघुरू लागतात. तोंड मिटलेलेच असल्याने दूध पिताना यात अडथळा येत नाही.

मोठे मांजर याच ध्वनीचा मागणीसाठीही उपयोग करते. ब्रिटनमधील ससेक्स विद्यापीठाच्या कॅरेन मॅकोम्ब यांनी २००९ मध्ये दाखवले, की अन्न मागणाऱ्या मांजराच्या घुरघुरीत रडण्यासारखा एक उंच स्वर मिसळलेला असतो. मांजर न पाळणाऱ्यांनाही तो ध्वनी अधिक निकडीचा वाटला.

घुरघुर म्हणजे समाधान, हा सार्वत्रिक समज अर्धाच खरा आहे. जखमी, प्रसूत होणारी, इतकेच काय मरणासन्न मांजरेही घुरघुरतात. या कंपनांनी हाडे व ऊती लवकर भरून येतात, असे एक मत आहे. ते आकर्षक असले, तरी मांजरांवरील प्रयोगाने सिद्ध झालेले नाही. म्हणून मांजराने खाणे सोडले असेल, ते कोपऱ्यात लपून बसत असेल किंवा तोंड उघडून श्वास घेत असेल, तर ते घुरघुरते आहे या भरवशावर पशुवैद्यकाकडे नेणे लांबवू नये. तपासणीच्या मेजावरही पुष्कळ मांजरे घुरघुरतात आणि त्या आवाजात हृदयाचे ठोके ऐकू येत नाहीत. अशा वेळी काही पशुवैद्यक शेजारचा पाण्याचा नळ सोडतात, म्हणजे मांजर क्षणभर गप्प होते.