साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क : वाटेत बंदर नसलेला प्रवास

क्रूझ म्हटले की सर्वसाधारण पर्यटकाच्या डोळ्यांसमोर रोज नव्या बंदराला लागणारे, दिवसभर प्रवाशांना किनाऱ्यावर हिंडू देणारे आणि रात्री पुढच्या मुक्कामाकडे निघणारे जहाज उभे राहते. महासागर ओलांडणारा प्रवास मुळातच निराळा असतो. साउथॅम्प्टन सोडल्यावर न्यूयॉर्क येईपर्यंत सहसा एकही बंदर लागत नाही, आणि पहिल्यांदा निघालेल्या प्रवाशाची निराशा होते ती बहुतेक वेळा त्याने हा प्रवास किनारी सफरीच्या मापाने मोजल्यामुळे.

या मार्गावर आज नियमित ये-जा करणारे एकच मोठे प्रवासी जहाज उरले आहे, ते म्हणजे क्युनार्ड कंपनीचे ‘क्वीन मेरी २’. फ्रान्समधील सॅं-नाझेर येथे बांधलेले आणि जानेवारी २००४ मध्ये पहिल्या सफरीवर निघालेले हे जहाज ३४५ मीटर लांब असून सुमारे २,७०० प्रवासी घेऊन सहसा सात रात्रींत अटलांटिक पार करते. याच कंपनीचे ‘ब्रिटानिया’ हे वल्हेचाकांचे, वाफेवर चालणारे जहाज १८४० मध्ये लिव्हरपूलहून हॅलिफॅक्समार्गे बोस्टनला गेले, तेव्हा त्याचे मुख्य काम टपाल वाहण्याचे होते आणि त्याला सुमारे दोन आठवडे लागले होते. पुढील शंभर वर्षे अमेरिकेला जायचे तर बोटीनेच जावे लागे. वैद्यकीय शिक्षणासाठी १८८३ मध्ये गेलेल्या आनंदीबाई जोशी, त्यांच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ च्या आरंभी इंग्लंडहून अटलांटिक ओलांडून गेलेल्या आणि नंतर अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत ग्रंथ लिहिणाऱ्या पंडिता रमाबाई, आणि १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात दाखल झालेले बाबासाहेब आंबेडकर, हे सारे याच महासागरावरून गेले. १९५८ मध्ये जेट विमानांनी अटलांटिकवर प्रवासी वाहतूक सुरू केली, आणि निकडीचा प्रवासी काही वर्षांतच समुद्र सोडून गेला. आज जहाजाने जाणारा माणूस वेळ वाचवण्यासाठी जात नाही, तर वेळ मिळावा म्हणून जातो.

ज्या जहाजाला बारमाही खुल्या महासागरातून ठरलेल्या दिवशी पोहोचायचे असते, त्याला ‘लायनर’ म्हणतात, आणि त्याची बांधणी सुट्टीच्या क्रूझ जहाजापेक्षा वेगळी असते. क्रूझ जहाज वादळ दिसले तर मार्ग किंवा बंदर बदलू शकते, त्यामुळे त्याच्या रचनेत अधिकाधिक खोल्या आणि गॅलऱ्या बसवण्याकडे कल असतो. लायनरला मात्र समोरून येणाऱ्या लाटांतूनच वाट काढावी लागते, म्हणून त्याचा पुढचा भाग लांब व निमुळता, पोलाद अधिक जाड आणि जीवरक्षक नौका नेहमीपेक्षा उंचावर टांगलेल्या असतात. ‘क्वीन मेरी २’चा कमाल वेग सुमारे ३० नॉट, म्हणजे ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास आहे, परंतु इंधन वाचवण्यासाठी ते एरवी बरेच सावकाश चालते, आणि हा राखीव वेग उशीर भरून काढण्यास उपयोगी पडतो. धुराड्याची उंचीदेखील न्यूयॉर्कच्या तोंडाशी असलेल्या व्हेराझानो पुलाखालून जाता यावे या हिशेबाने ठरवलेली आहे.

नवख्या प्रवाशाची पहिली भीती बोट लागण्याची असते, आणि ती निराधार नाही. डोळ्यांना खोली स्थिर दिसत असताना कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय हालचालीची वर्दी देत राहते, आणि या दोन साक्षींचा मेळ बसेनासा झाला की मळमळ सुरू होते. जहाजाच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली माशाच्या परांसारखी फळी असते, तिला स्टॅबिलायझर म्हणतात; ती आडवे डोलणे पुष्कळ कमी करते, पण नाकाकडून शेपटीकडे होणारे वरखाली हेलकावे तिला रोखता येत नाहीत. म्हणून उंचावरची, गॅलरीची आणि महागडी खोली घेण्याची हौस पहिल्या प्रवासात आवरावी. जहाजाच्या मध्यभागी खालच्या मजल्यावर असलेली स्वस्त खोली सर्वांत कमी हलते. गोळ्या डॉक्टरांना विचारून, त्रास सुरू होण्यापूर्वीच घेतलेल्या बऱ्या, कारण उलट्या लागल्यावर पोटात काहीच टिकत नाही. हिवाळ्यातील उत्तर अटलांटिक खवळलेला असतो, उन्हाळ्यात तो पुष्कळ शांत होतो. न्यूफाउंडलंडजवळ मात्र उबदार गल्फ स्ट्रीम आणि थंड लॅब्राडोर हे प्रवाह एकमेकांना भेटतात, त्यामुळे तेथे उन्हाळ्यातही दाट धुके पडते आणि जहाजाचा भोंगा ठरावीक अंतराने वाजत राहतो.

दिशेची निवड हा मुद्दा बहुतेक जण विचारातच घेत नाहीत. ब्रिटन आणि न्यूयॉर्क यांच्या घड्याळांत एरवी पाच तासांचे अंतर असते. पश्चिमेकडे जाताना पाच वेळा घड्याळ एकेक तास मागे घेतले जाते, म्हणजे पाच दिवस पंचवीस तासांचे होतात आणि झोप वाढते; पूर्वेकडे येताना तोच तास पाच वेळा हिरावला जातो. विमानाने जाताना झोपेची जी घडी विस्कटते, ती पश्चिमेकडे जाताना जहाजावर विस्कटतच नाही, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याने म्हणूनच पश्चिमेची दिशा धरावी.

जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी होणारी सुरक्षा कवायत प्रवाशांना कंटाळवाणी वाटते. टायटॅनिकच्या १९१२ मधील दुर्घटनेनंतर १९१४ मध्ये समुद्रावरील जीवरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि इटलीजवळ २०१२ मध्ये ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ बुडाल्यावर कवायतीची वेळ अधिक कडक करण्यात आली, कारण त्या जहाजावर नुकत्याच चढलेल्या अनेकांची कवायत झालेलीच नव्हती. सात लहान भोंगे आणि एक लांब भोंगा, एवढा इशारा पाठ असला तरी पुष्कळ झाले. जहाजावर डॉक्टर आणि लहानसे रुग्णालय असते, परंतु महासागराच्या मध्यात हेलिकॉप्टर पोहोचू शकत नाही, म्हणून वैद्यकीय विम्यात काटकसर करणे धोक्याचे.

भारतीय पासपोर्टधारकाला साउथॅम्प्टनला चढण्यासाठी ब्रिटनचा आणि न्यूयॉर्कला उतरण्यासाठी अमेरिकेचा व्हिसा आधीच हाती असावा लागतो. तिकिटात खोली, मुख्य भोजनगृहातील जेवण आणि बहुतेक करमणूक येते. मद्य, इंटरनेट आणि सेवकांसाठी रोज आकारली जाणारी बक्षिसी यांचे बिल बहुधा वेगळे होते. शाकाहारी जेवणाची मागणी आरक्षणाच्या वेळीच नोंदवावी. जगभरच्या अशा जहाजांवर कामाला असलेल्यांत गोव्याची माणसे पिढ्यान्‌पिढ्या आढळतात; बोटीवरच्या नोकरीची वाट पाहणाऱ्या गोवेकरांसाठी मुंबईत धोबीतलावाच्या परिसरात उभी राहिलेली ‘कुडां’ ही सामूहिक वसतिस्थाने याच परंपरेतली.

लायनरचे भाडे झेपणारे नसेल तर दुसरा मार्ग आहे. कॅरिबियन समुद्रातील अनेक क्रूझ जहाजे वसंतात भूमध्य समुद्राकडे सरकतात आणि शरदात परततात. हे स्थलांतर करताना रिकामे जाण्यापेक्षा कंपन्या दर रात्रीच्या हिशेबाने स्वस्त तिकिटे विकतात, आणि वाटेत अझोर्स, मदेरा किंवा कॅनरी बेटांवर एखादा थांबाही मिळतो. हा दक्षिणेचा मार्ग अधिक उबदार असतो, पण लांब असल्याने साधारण दोन आठवडे खातो. कोणताही मार्ग घेतला तरी प्रवास बहुधा एकेरीच असतो, त्यामुळे परतीचे विमान जहाज लागण्याच्या दिवशीचे न घेता दुसऱ्या दिवशीचे घ्यावे. वादळाने अर्धा दिवस उशीर होऊन विमान चुकले, तर त्याचे पैसे जहाज कंपनी सहसा भरून देत नाही.