परत आलेल्या मालाचे भाडे कोणाच्या खात्यावर?

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी या यंत्रमागाच्या गावांतून पुष्कळ तरुण आता बेडशीट, साडी, लुंगी, ड्रेस मटेरियल असा माल ऑनलाइन बाजारपेठांवर विकू लागले आहेत. दलाल नाही, उधारी नाही, वसुलीसाठी दारोदार तगादा नाही आणि रक्कम थेट बँकेत जमा. हे सर्व खरे आहे. परंतु महिनाअखेर विक्रीचा आकडा लाखाचा दिसतो आणि बँकेत जमा झालेली रक्कम पाहून घरातील वडीलधारी मंडळी विचारतात, "बाकीचे पैसे गेले कुठे?" बहुतेक वेळा ते परत आलेल्या मालात आणि त्या मालाच्या जाण्यायेण्याच्या भाड्यात गेलेले असतात. हा खर्च पहिल्या दिवसापासून भावात धरला नाही, तर विक्री वाढत जाते आणि भांडवल गुपचूप कमी होत जाते.

माल परत येणे कापड बाजाराला नवे नाही. ठोक व्यापारात आपण त्याला जी.आर. म्हणतो. गाठ परत आली तरी बिल्टी एक, भाडे एक, आणि दलाल मध्ये बसून वटाव ठरवतो. पुष्कळदा माल तेथल्या तेथेच कमी भावाने खपतो. ऑनलाइन व्यापारात माल एकेक नग परत येतो, प्रत्येक नगाचे भाडे वेगळे आणि मध्ये समजूत घालणारा कोणीच नाही. ज्यांनी पूर्वी पोस्टाने व्ही.पी.पी. पाठवल्या आहेत त्यांना हे दुखणे लवकर समजेल. गिऱ्हाइकाने व्ही.पी. सोडवली नाही तर पार्सल परत यायचे आणि टपालखर्च पाठवणाऱ्याच्या अंगावर पडायचा. आज फक्त पार्सलांची संख्या कितीतरी पटींनी वाढली आहे.

परत येणारा माल एकाच जातीचा नसतो, ही गोष्ट प्रथम लक्षात घ्यावी. एक माल असा, की जो गिऱ्हाइकाच्या हातात पोहोचलाच नाही. पत्ता सापडला नाही, फोन लागला नाही, किंवा दारात आलेले पार्सल घेण्यास नकार दिला. याला कुरिअरवाले आर.टी.ओ. म्हणतात. माल पोहोचल्यावर पैसे देण्याच्या ऑर्डरींत याचे प्रमाण जास्त असते, कारण खिशातून अजून काहीच गेलेले नसते. दुसरा माल गिऱ्हाइकाने उघडून, पाहून परत केलेला. तिसरा प्रकार फसवणुकीचा, म्हणजे नवी साडी घेऊन जुनी परत पाठवणे. तिन्हींची कारणे वेगळी, भाडे वेगळे आणि इलाजही वेगळा. काही बाजारपेठा आर.टी.ओ.चे भाडे विक्रेत्याकडून घेत नाहीत, पण गिऱ्हाइकाने परत केलेल्या नगाचे येण्याचे भाडे जाण्याच्या भाड्यापेक्षाही जास्त लावतात. या अटी बदलत असतात. म्हणून भाव ठरवण्यापूर्वी दरपत्रक पुन्हा एकदा वाचावे.

आता आकड्यांकडे येऊ. पुढील दर केवळ समजण्यासाठी धरले आहेत. प्रत्येकाने तेथे आपले आकडे घालावेत. एका बेडशीटची विक्री ४९९ रुपयांना होते. त्यातून ५ टक्के जी.एस.टी. वगळल्यास ४७५ रुपये राहतात. माल २७०, पॅकिंग १२, बाजारपेठेचे कमिशन ६० आणि जाण्याचे भाडे ६५ असे धरल्यास एका नगावर ६८ रुपये सुटतात. नवा विक्रेता येथेच थांबतो आणि १०० नग पाठवले की ६,८०० रुपये नफा, असे वहीत लिहून टाकतो.

प्रत्यक्षात १०० पैकी १२ नग दारातून परत आले आणि १० गिऱ्हाइकांनी उघडून परत केले, असे समजा. विकले गेले ७८. त्यांचा नफा ५,३०४ रुपये. दारातून परत आलेल्या १२ नगांचे जाण्याचे भाडे व पॅकिंग मिळून प्रत्येकी ७७, म्हणजे ९२४ रुपये गेले. उघडून परत आलेल्या १० नगांचे जाण्याचे भाडे ६५, येण्याचे ८५ व पॅकिंग १२, असे १,६२० रुपये गेले. (या २२ नगांवरचे कमिशन परत मिळते असे धरले आहे.) त्यांतील ५ नग डागाळलेले किंवा वापरलेले निघाले, ते दुकानात उतरत्या भावाने काढताना प्रत्येकी १५० प्रमाणे ७५० रुपयांचे नुकसान झाले. उरलेल्या १७ नगांची इस्त्री आणि नवी पिशवी १७० रुपये. एकूण ३,४६४ रुपये वजा होतात आणि हातात राहतात १,८४०.

म्हणजे विकल्या गेलेल्या प्रत्येक नगावर सुमारे ४४ रुपये न विकल्या गेलेल्या नगांचा बोजा आहे. हा बोजा कापडाच्या किमतीइतकाच खरा असून तो भावात सुरुवातीलाच धरला पाहिजे. याच हिशेबात उघडून परत येणारे नग १० ऐवजी २० झाले आणि खराब निघणारे ५ ऐवजी ८ झाले, तर ९८० रुपये तोटा होतो. उलट उघडून परत येणारे नग ५ वर आणि खराब नग ४ वर आणता आले, तर नफा ३,१८० वर जातो. भाव वाढवण्यापेक्षा परती कमी करणे का फायद्याचे, ते यावरून दिसेल.

भाड्याच्या बाबतीत एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. कुरिअर कंपनी प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन या दोहोंपैकी जे जास्त असेल त्यावर भाडे लावते. पार्सलची लांबी, रुंदी व उंची सेंटीमीटरमध्ये मोजून गुणायची आणि साधारणतः ५,००० ने भागायचे, की आकारमानाचे किलो मिळतात. डबल बेडशीट दोन अभ्र्यांसह ८५० ग्रॅम भरते असे समजा. ती फुगीर घडीने ३५ बाय २८ बाय ६ सेंटीमीटरच्या पार्सलात घातली तर आकारमानाचे वजन १ किलो १७६ ग्रॅम होते. दर अर्ध्या किलोला भाड्याचा टप्पा असेल तर दीड किलोचे भाडे लागते. तीच घडी दाबून पार्सलची उंची ४ सेंटीमीटर केली तर आकारमानाचे वजन ७८४ ग्रॅम येते आणि भाडे एका किलोचेच राहते. सुंदर पुठ्ठ्याचा डबा गिऱ्हाइकाला आवडतो हे खरे, पण अर्ध्या किलोचे जादा भाडे परत येतानाही लागू शकते. पार्सल काट्यावर ठेवून आणि टेप लावून काढलेले एक छायाचित्र जवळ ठेवावे. वजनाचा वाद निघाला तर तेच कामी येते.

उघडून परत आलेल्या मालामागे, माझ्या मते, निम्म्याहून अधिक वेळा विक्रेत्याने लिहिलेले वर्णन असते. आपल्या व्यवसायात नावे मोठी गमतीची आहेत. 'ग्लेस कॉटन' नावाने विकले जाणारे कापड बहुधा पॉलिएस्टर मायक्रोफायबर असते. बाजारातल्या माणसाला ते ठाऊक असते. नागपूरच्या किंवा कोचीच्या गृहिणीला नसते. तिने सुती समजून मागवले, हात लावला आणि परत केले, तर तिचा दोष काय? पॉलिएस्टर मिसळलेले असेल तर तसे लिहावे. यंत्रमागाच्या मालाला हातमागाचा म्हणू नये. "डबल बेड" एवढे लिहून भागत नाही. ९० बाय १०० इंच आणि १०८ बाय १०८ इंच यांत मोठा फरक आहे, म्हणून माप इंच आणि सेंटीमीटर दोन्हींत द्यावे आणि सुती कापड पहिल्या धुण्याला किती आकसेल तेही सांगावे. साडीत ब्लाऊज पीस आहे की नाही आणि असल्यास साडीच्या लांबीत धरला आहे की वेगळा, हे न लिहिल्यामुळे कितीतरी साड्या परत येतात.

रंगाचे दुखणे वेगळे. ट्यूबलाइटखाली काढलेल्या छायाचित्रात मोरपंखी निळा दिसतो आणि राणी रंग लाल होतो. छायाचित्र दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ काढावे. दुसरा घाणा रंगून आला की पहिल्याशी ताडून पाहावा व फरक असेल तर छायाचित्र बदलावे. "रंगात थोडा फरक पडू शकतो" हे वाक्य तळाशी लिहून परती थांबत नाहीत.

कायद्याची बाजूही समजून घ्यावी. २३ जुलै २०२० रोजी अधिसूचित झालेल्या ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियमांनुसार माल सदोष असेल, जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोहोचला असेल, तर विक्रेत्याला माल परत घेण्यास वा पैसे देण्यास नकार देता येत नाही. उशीर नैसर्गिक आपत्तीसारख्या हाताबाहेरच्या कारणाने झाला असेल तर गोष्ट वेगळी. मालात ऐब असेल तर तो परत घेणे हे कायद्याच्याही आधीपासून व्यापाराच्या इमानदारीत बसते. मात्र "मन बदलले" म्हणून परत केलेल्या मालाचे भाडे कोणी द्यावे, हे बाजारपेठेच्या अटींवर अवलंबून असते. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतः विकणाऱ्याने ही अट आधीच, पैसे घेण्यापूर्वी, लिहून पाठवावी. ऐब असेल तर भाडे आमचे, आवडले नाही तर भाडे तुमचे. बहुतेक गिऱ्हाईक हे मान्य करते.

फसवणुकीवर पुराव्याशिवाय इलाज नाही. एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे परतीच्या पिशवीतून घरात वापरलेला टॉवेल निघाला. त्याने पिशवी फाडून फेकली होती, त्यामुळे कोणता नग, कोणती ऑर्डर, काहीच सांगता येईना. परत आलेले प्रत्येक पार्सल मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर उघडावे. आधी चिठ्ठीवरचा नंबर दिसावा, मग काट्यावरचे वजन, मग पिशवी फाडताना आणि माल पूर्ण उलगडताना, मध्ये न थांबता एकच चित्रण. टॅग अशा जागी लावावा की तो तोडल्याशिवाय साडी नेसता येऊ नये. भरपाईचा अर्ज करण्यास थोडेच दिवस मिळतात, म्हणून परतीचा ढीग शुक्रवारवर किंवा रविवारवर टाकू नये. आणि वापरून आलेला नग इस्त्री करून दुसऱ्या गिऱ्हाइकाला नवा म्हणून पाठवू नये. तो पुन्हा परत येतो आणि सोबत वाईट शेरा घेऊन येतो.

कराचा मुद्दा थोडा किचकट असला तरी टाळता येणार नाही. कमिशन आणि कुरिअरवर आपण १८ टक्के जी.एस.टी. भरतो, तर बेडशीटवर वसूल करतो ५ टक्के. (२२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांना व बेडशीटसारख्या वस्तूंना ५ टक्के दर आहे.) वरच्याच उदाहरणात ७८ नगांवर वसूल केलेला कर १,८५३ रुपये होतो. पण कमिशन व भाड्यावर भरलेला कर २,१६५ आणि माल खरेदीवरचा १,०५३, मिळून ३,२१८ रुपये. म्हणजे १,३६५ रुपये क्रेडिट म्हणून पोर्टलवर अडकतात. सेवांवर भरलेल्या कराचे असे साचलेले क्रेडिट रोखीने परत मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर २०२१ च्या निकालात हा नियम कायम ठेवला आहे. १,८४० च्या नफ्यातून हे वजा केल्यास रोख हातात फक्त ४७५ उरतात. ज्याचा ठोक धंदा आणि ऑनलाइन विक्री एकाच नोंदणीत आहे त्याला हे क्रेडिट ठोक विक्रीवरील करात वापरता येते. म्हणून मुलाच्या नावाने वेगळी नोंदणी घेण्यापूर्वी सल्लागाराशी बोलून घ्यावे. १ ऑक्टोबर २०२३ पासून मर्यादेखालील लहान विक्रेत्याला जी.एस.टी. नोंदणीशिवायही राज्यांतर्गत ऑनलाइन विक्री करता येते, पण त्याला भाड्यावरच्या कराचे क्रेडिटच नाही. तो सारा कर त्याने खर्चात धरावा.

परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट वेळेवर काढावी. बाजारपेठ विक्रीवर जो अर्धा टक्का कर कापून सरकारात भरते (१० जुलै २०२४ पूर्वी तो एक टक्का होता), तो परती वजा करून उरलेल्या विक्रीवर असतो. आपल्या वहीत परती न धरल्यास दोन्ही आकडे जुळत नाहीत आणि नोटीस येते.

हंगामाचा विचार वेगळा करावा. रमजानमध्ये ऑर्डरी वाढतात, पण लांबच्या राज्यातून परतीचा नग येण्यास दोनतीन आठवडे सहज लागतात आणि ईदसाठी पाठवलेला सूट ईदनंतर हातात येतो, जेव्हा त्याला मागणी नसते. तेच दिवाळीच्या साड्यांचे. सणाला पंधरा दिवस उरले की जेथे सोय असेल तेथे दूरच्या भागासाठी पोहोचल्यावर पैसे देण्याची पद्धत बंद करावी आणि जवळच्या जिल्ह्यांच्या ऑर्डरी आधी रवाना कराव्यात. नवा माल भरताना वाटेत असलेले परतीचे नग मोजून तेवढी खरेदी कमी करावी.