जिप्सीच्या पुढच्या चाकाला तेल कुठून येतं?

मारुती जिप्सी १९८५ साली बाजारात आली. जुन्या जिप्सीच्या पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला काळपट, ओशट थर दिसला की संशय आधी ब्रेक ऑइलवर जातो. बोटाला गंधकासारखा उग्र वास आला, तर ते गिअर ऑइल.

ॲक्सलच्या टोकाशी लोखंडी गोळा असतो, त्याभोवती नकल, म्हणजे चाकासोबत वळणारा भाग, फिरतं. नकलमध्ये ग्रीस, डिफरन्शियलमध्ये तेल आणि मध्ये रबरी सील. त्याची कड झिजली की तेल नकलमध्ये शिरतं, ग्रीस पातळ होतं आणि बाहेरच्या सीलमधून पाझरतं. म्हणून नुसतं बाहेरचं सील बदलून भागत नाही.

आतलं सील बदलायला मेकॅनिक चाक, कॅलिपर, हब आणि स्पिंडल काढून ॲक्सल शाफ्ट बाहेर ओढतो. सील घासतं तिथे शाफ्टवर नखाला लागेल अशी खाच असेल, तर नवं सीलही टिकत नाही. सीलची स्प्रिंगची बाजू डिफरन्शियलकडे ठेवून ते चहूबाजूंनी सारखं ठोकून बसवतात. कडेला ग्रीस लावून शाफ्ट अलगद सरकवावा लागतो. नाहीतर त्याच्या दात्यांनी सीलची कड फाटते.

ॲक्सल हाउसिंगमधली हवा बाहेर सोडणारा ब्रीदरही साफ करावा. तो चिखलाने बुजला की तापलेल्या हाउसिंगमधला दाब तेलाला सीलमधून बाहेर ढकलतो. तेलाने भिजलेले ब्रेक पॅड मात्र बदलावेच लागतात.