एका यंत्राचे दोन चालक
संगणकाच्या गाभ्यातील आवराआवरीची कथा

एखाद्या ग्रंथालयात एकच ग्रंथ चुकून दोन निरनिराळ्या क्रमांकांखाली नोंदला गेला, तर कोणता घोटाळा होतो हे ग्रंथपालास चांगले ठाऊक असते. वाचक एका क्रमांकाने ग्रंथ मागतो आणि तो दुसऱ्या क्रमांकाने आधीच बाहेर गेलेला असतो. वर्षाखेरीची मोजणी जुळत नाही. एका नोंदीतील चूक दुरुस्त होते, पण दुसरीतील तशीच राहते. मग ग्रंथपाल दोहोंपैकी एक नोंद काढून टाकावयाचे ठरवितो. पण तसे करण्यापूर्वी जुन्या क्रमांकावर अवलंबून असलेल्या प्रत्येक यादीचा व प्रत्येक वाचकाचा त्याला विचार करावा लागतो. संगणकाच्या अंतरंगातही अशा दुहेरी नोंदी साचत असतात. त्यांची आवराआवर कशी होते आणि ती इतक्या सावधपणे का करावी लागते, हे आपण प्रस्तुत पुस्तिकेत एका प्रत्यक्ष घडलेल्या उदाहरणावरून पाहू.

गाभा आणि चालक

संगणक सुरू केल्यावर त्याच्या सर्व अवयवांचा कारभार पाहणारी जी मूलभूत आज्ञावली असते, तिला परिचालन प्रणाली म्हणतात. या प्रणालीचा अगदी आतला भाग म्हणजे कर्नल, अर्थात गाभा. स्मृतीचे वाटप करणे, निरनिराळ्या कार्यक्रमांना आळीपाळीने प्रक्रियकाचा वेळ देणे आणि जोडलेल्या उपकरणांशी व्यवहार करणे ही गाभ्याची प्रमुख कामे होत.

यांपैकी शेवटचे काम सर्वांत पसाऱ्याचे आहे. उपकरणे हजारो प्रकारची असतात आणि प्रत्येकाची बोली वेगळी असते. एखाद्या डिस्कला मजकूर लिहून घेण्याची आज्ञा कशी द्यावी, जाळ्याच्या कार्डाकडून आलेला संदेश कसा उचलावा, हे त्या त्या उपकरणाच्या रचनेवर अवलंबून असते. ही बोली जाणणारा आज्ञावलीचा जो स्वतंत्र तुकडा असतो, त्याला ड्रायव्हर किंवा चालक म्हणतात. दुभाष्याप्रमाणे तो गाभा आणि उपकरण यांच्यामध्ये उभा असतो.

लिनक्स हा अशाच एका गाभ्याचा विख्यात नमुना आहे. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याची वार्ता जगाला दिली. आपली प्रणाली ए.टी. जातीच्या हार्ड डिस्कखेरीज दुसऱ्या कशावर बहुधा कधीच चालणार नाही, कारण आपल्याजवळ तेवढेच आहे, असे त्याने त्या वेळी नम्रपणे सांगितले होते. आज तोच गाभा खिशातील अँड्रॉइड दूरध्वनीपासून जगातील सर्वांत वेगवान महासंगणकांपर्यंत सर्वत्र काम करीत आहे आणि त्याच्या मूळ लेखनाच्या ओळी तीन कोटींहून अधिक झाल्या आहेत. या लेखनाचा फार मोठा हिस्सा चालकांचाच आहे.

पर्यायांची यादी

सर्व चालक सर्वांनाच लागत नाहीत. म्हणून गाभा तयार करणाऱ्यापुढे पर्यायांची एक यादी ठेवलेली असते. प्रत्येक पर्यायाला तीन उत्तरे संभवतात : हा चालक गाभ्यातच कायमचा बसवावा, गरजेप्रमाणे जोडता येईल असा सुटा भाग म्हणून ठेवावा, किंवा मुळीच घेऊ नये. ही यादी मांडण्याची आजची पद्धत २००२ साली लिनक्समध्ये आली. 'केकॉन्फिग' हे तिचे नाव. कोणता पर्याय दुसऱ्या कशावर अवलंबून आहे, हेही तीत लिहिलेले असते. अशा पर्यायांची संख्या आता दहा हजारांच्या पुढे गेली आहे.

एवढ्या मोठ्या यादीत एकाच उपकरणासाठी दोन पर्याय असणे हे नवल नव्हे. कोणी एकाने आपल्या कार्डासाठी चालक लिहिलेला असतो. पुढे त्या कार्डाची निर्मिती करणारी कंपनी स्वतःचा चालक पुढे आणते. कधी जुनी रचना अपुरी पडू लागते, नवी रचना तिच्या शेजारी उभी राहते आणि काही वर्षे दोन्ही नांदतात. अशा वेळी निवड करणारा माणूस गोंधळात पडतो. दोन्ही घ्यावेत तर एका उपकरणावर दोन चालक हक्क सांगू लागतात आणि जो आधी पोहोचेल त्याच्या हाती ते उपकरण जाते.

डिस्कची गोष्ट

याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण हार्ड डिस्कचे आहे. १९८६ च्या सुमारास डिस्कचे नियंत्रण करणारे विद्युत्मंडल डिस्कच्याच अंगावर बसविण्याची पद्धत निघाली. तिला आय.डी.ई. हे नाव मिळाले आणि पुढे १९९४ मध्ये ए.टी.ए. या नावाने तिचे अमेरिकेत मानकीकरण झाले. चाळीस टाचण्यांच्या रुंद पट्टीसारख्या तारेने जोडलेल्या या डिस्का शाळांतून, कचेऱ्यांतून व घरांतून वर्षानुवर्षे वापरल्या गेल्या. लिनक्समध्ये त्यांच्यासाठी चालकांचा एक स्वतंत्र विभाग उभा राहिला.

२००३ च्या सुमारास साटा ही नवी जोडणी बाजारात आली. रुंद पट्टीच्या जागी तिने सात टाचण्यांची बारीक तार आणली. तिच्यासाठी जेफ गार्झिक याने 'लिबाटा' नावाचा नवा विभाग लिहिला. त्याची रचना जुन्या विभागापेक्षा निराळी होती. त्याने गाभ्यात आधीपासून असलेल्या स्कझी या डिस्कव्यवस्थेचा आधार घेतला. वरून स्कझीच्या भाषेत आलेली आज्ञा लिबाटा ए.टी.ए.च्या भाषेत उतरवून डिस्ककडे पाठवी. ही रचना सुटसुटीत ठरली. मग साहजिकच असा विचार पुढे आला की, जुन्या रुंद तारेच्या डिस्काही याच विभागाने का सांभाळू नयेत? ॲलन कॉक्स याने त्यासाठी अनेक चालक नव्याने लिहिले आणि नोव्हेंबर २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २.६.१९ या आवृत्तीत ते समाविष्ट झाले.

अशा रीतीने एकाच डिस्कसाठी गाभ्यात दोन चालक झाले. वरवर पाहता यात काही बिघडले नाही. ज्याला जो हवा तो त्याने घ्यावा. परंतु दोन संसारांचा खर्च हळूहळू दिसू लागला. गाभ्याच्या इतर भागांत सुधारणा झाली की दोन्ही विभागांत तदनुरूप बदल करावा लागे. पुढे मार्च २०१९ मध्ये आलेल्या ५.० या आवृत्तीत डिस्ककडे मागण्या पाठविण्याची जुनी पद्धत सर्वस्वी काढून टाकण्यात आली. त्या वेळी फारसे कोणी वापरत नसलेल्या जुन्या आय.डी.ई. विभागाचेही नव्या पद्धतीत रूपांतर करावे लागले. जे घर लवकरच सोडावयाचे आहे, त्याचेही छप्पर शाकारावे लागावे, तशातला हा प्रकार होता.

नावाचा घोटाळा

मग जुना विभाग लगेच का काढला नाही? येथेच या कथेचे मर्म आहे.

जुना विभाग डिस्कला तिच्या जागेवरून नाव देई. पहिल्या तारेवरची मुख्य डिस्क 'एचडीए', तिची जोडीदार 'एचडीबी', दुसऱ्या तारेवरच्या 'एचडीसी' आणि 'एचडीडी'. नवा विभाग स्कझीच्या रीतीने 'एसडीए', 'एसडीबी' अशी नावे देई, आणि तीही ज्या क्रमाने डिस्का सापडतील त्या क्रमाने. आता संगणक सुरू होताना आपले मूळ भांडार कोणत्या डिस्कवर आहे, हे एका फाईलमध्ये लिहिलेले असते. तेथे 'एचडीए' असे लिहिलेले असून नव्या चालकाने त्याच डिस्कला 'एसडीए' म्हटले, तर संगणक अर्ध्यावरच थांबतो. डिस्क शाबूत असते, तीवरील मजकूर शाबूत असतो. पण मालकाला मात्र सर्वस्व गेल्यासारखे वाटते. ज्या शाळेत एकच संगणक आहे आणि ज्या ग्रंथालयाची सर्व नोंद त्या एका डिस्कवर आहे, तेथे ही आपत्ती लहान नव्हे.

आणखीही एक अडचण होती. जुन्या विभागात एका डिस्कचे ६३ पर्यंत भाग पाडता येत. स्कझीच्या व्यवस्थेत ही मर्यादा केवळ १५ होती. ज्यांनी आपली डिस्क वीस भागांत विभागली होती, त्यांना नवा चालक म्हणजे पाच भागांवर पाणी सोडणे होते. ही मर्यादा २००८ मध्ये गाभ्यात सुधारणा होऊन दूर झाली.

नावांच्या प्रश्नावर तोडगा निघाला तो असा : डिस्कला तिच्या जागेवरून किंवा क्रमावरून न ओळखता, तिच्या प्रत्येक भागावर कोरलेल्या स्वतंत्र ओळखक्रमांकावरून ओळखावे. चालक कोणताही असो, तो क्रमांक बदलत नाही. फेडोरा या वितरणाने २००७ मधील सातव्या आवृत्तीत नव्या चालकांचा स्वीकार केला. डेबियनने फेब्रुवारी २०११ मधील सहाव्या आवृत्तीत तो केला आणि जुन्या नावांच्या जागी ओळखक्रमांक किंवा खूणनावे वापरण्याविषयी वापरकर्त्यांना आगाऊ सूचना दिली.

घाई का करता येत नाही

लिनक्सच्या कर्त्यांनी एक दंडक कटाक्षाने पाळला आहे : काल जे चालत होते, ते आजच्या सुधारणेने बंद पडता कामा नये. डिस्कच्या चालकात तर हा दंडक अधिकच कठोर होतो. चित्रपटलाचा चालक चुकला तर पडदा काळा होईल. डिस्कचा चालक चुकला तर कोणाचे तरी अनेक वर्षांचे लेखन नष्ट होईल. २००२ मध्ये जुन्या आय.डी.ई. विभागाची मोठी पुनर्रचना हाती घेण्यात आली होती. पण ती स्थिर होईना, तेव्हा ती सगळीच मागे घेऊन पूर्वीच्या लेखनाकडे परतावे लागले. त्या अनुभवाने सर्वांना सावध केले होते.

दुसरे एक उदाहरण जाळ्याच्या कार्डाचे आहे. इंटेलच्या एका प्रचलित कार्डासाठी 'ई-ई-प्रो-१००' आणि 'ई-१००' असे दोन चालक होते. पहिला काढून टाकण्याची मुदत जानेवारी २००७ अशी जाहीर झाली. परंतु ए.आर.एम. प्रक्रियकाच्या काही यंत्रांवर दुसरा चालक आलेले संदेश नीट उचलू शकत नाही, असे आढळले. त्यामुळे तो दोष दूर होईपर्यंत पहिल्याला जीवदान मिळाले आणि त्या दशकाच्या अखेरीस तो निवृत्त झाला. दुहेरी नोंद काढण्यापूर्वी उरणारी नोंद खरोखर पूर्ण आहे की नाही, हे तपासावे लागते ते यासाठी.

अखेरची आवराआवर

आय.डी.ई. विभागाचे कामही असेच पायरीपायरीने झाले. २००९ नंतर त्यात नवी भर घालणे थांबले आणि केवळ दोषदुरुस्ती चालू राहिली. पुढे पर्यायांच्या यादीत त्याच्या नावापुढे 'त्याज्य' असा शेरा आला. २०१९ मध्ये तर, हा विभाग २०२१ साली काढला जाईल, लिबाटाकडे वळावे, अशी स्पष्ट सूचना तो वापरणाऱ्या संगणकाच्या पडद्यावरच उमटू लागली. पाळता येईल इतकी दूरची आणि विसरता येणार नाही इतकी जवळची अशी ती मुदत होती.

या मुदतीपूर्वी मागे राहिलेल्या यंत्रांची सोय लावणे भाग होते. अमिगा, अटारी फाल्कन, जुने मॅकिंटॉश अशी मोटोरोला ६८००० घराण्यातील यंत्रे आजही काही हौशी मंडळी जपून चालवितात. त्यांच्यासाठीही लिबाटाचे चालक लिहिले गेले. मग निरनिराळ्या यंत्रांसाठी गाभ्याबरोबर दिल्या जाणाऱ्या तयार पर्याययाद्या एकेक करून बदलल्या गेल्या. हे काम किरकोळ दिसते, पण त्यात एक खोच आहे. यादीतून एखादा पर्याय नाहीसा झाला आणि जुन्या यादीत त्याचे नाव राहिले, तर गाभा तयार होताना ते नाव निमूटपणे गाळले जाते. कोणी हटकत नाही. गाभा बिनतक्रार तयार होतो, पण त्यात डिस्कचा चालकच नसतो. म्हणून जुने नाव पुसण्याआधी त्याच्या जागी नवे नाव लिहिलेले असणे अगत्याचे होते.

ही सर्व तयारी झाल्यावर ख्रिस्टोफ हेलविग याने मांडलेला बदल स्वीकारला गेला आणि २९ ऑगस्ट २०२१ रोजी प्रसिद्ध झालेल्या ५.१४ या आवृत्तीतून जुना विभाग दूर झाला. सुमारे चाळीस हजार ओळी एकदम कमी झाल्या. लिनक्सच्या पहिल्या वार्तेला त्या वेळी तीस वर्षे आणि चार दिवस झाले होते. ज्या डिस्कखेरीज दुसरे काही चालणार नाही असे तेव्हा वाटले होते, त्या कुळातील डिस्का या आवराआवरीनंतरही चालू राहिल्या. त्यांचा कारभार मात्र आता एकाच चालकाच्या हाती आला.

नवी वस्तू निर्माण करणाराचे नाव होते. जुनी व दुहेरी वस्तू हलक्या हाताने काढून घेणाराचे श्रम सहसा कोणाच्या लक्षात येत नाहीत. त्याचे काम चांगले झाले याची खूण एवढीच की, दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाही वापरकर्त्याला काही बदलल्याचे जाणवत नाही. २००६ मध्ये जे काम आरंभले, ते २०२१ मध्ये पुरे झाले. या पंधरा वर्षांपैकी लेखन पुसण्यास लागलेला काळ अत्यल्प होता. बाकीचा सारा काळ, ते पुसल्याने कोणाचे नुकसान होणार नाही याची खात्री करून घेण्यात गेला.