दीर्घ पल्ल्याचा व्यायाम, श्रमपरिहार आणि अमिनो आम्लांची चूर्णे

मुंबईत २००४ साली मॅरेथॉन सुरू झाली आणि नंतरच्या काळात साताऱ्याच्या घाटवाटांपर्यंत दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींचे लोण पोहोचले. परिणामी पूर्वी संधिवात वा अम्लपित्तासाठी येणारा चाळिशीचा गृहस्थ आता धावल्यानंतरच्या अंगदुखीसाठी चिकित्सालयात येतो आणि जाता जाता विचारतो, ‘बीसीएए घेऊ का?’ हाच प्रश्न औषधविक्रेत्यासही रोज विचारला जातो. त्याचे उत्तर शास्त्राधारे देता यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

अमिनो आम्ले म्हणजे काय?

शरीरातील प्रथिने वीस अमिनो आम्लांपासून घडतात. त्यांपैकी नऊ आम्ले शरीर स्वतः तयार करू शकत नाही. ती आहारातूनच मिळवावी लागतात. या नऊंतील ल्युसीन, आयसोल्युसीन व व्हॅलीन ही तीन शाखायुक्त अमिनो आम्ले होत. बाजारात ‘बीसीएए’ या नावाने विकली जातात ती हीच. इतर बहुतेक अमिनो आम्लांचे विघटन यकृतात होते. या तिघांचे मात्र प्रामुख्याने स्नायूंत होते. शिवाय ल्युसीन हे स्नायुपेशीस प्रथिननिर्मिती सुरू करण्याचा संकेत देते. या दोन गोष्टी खऱ्या आहेत आणि जाहिरातींचा सारा डोलारा त्यांवरच उभा आहे.

धावल्यानंतर शरीरात काय घडते?

दोन-तीन तासांच्या धावण्यानंतर तीन प्रकारची हानी झालेली असते. घामावाटे जल व लवण गेलेले असते. स्नायू व यकृतातील ग्लायकोजेनचा साठा रिता झालेला असतो. आणि, विशेषतः उतारावर धावताना, स्नायुतंतूंना सूक्ष्म इजा झालेली असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जाणवणारी वेदना या इजेमुळे व तदनुषंगिक शोथामुळे असते. ती लॅक्टिक आम्ल साठल्याने होते हा समज चुकीचा आहे. वाढलेले लॅक्टेट विश्रांतीनंतर सुमारे तासाभरातच पूर्वपदावर येते.

अशा व्यायामात ऊर्जेचा मुख्य स्रोत कर्बोदके व मेद हा असतो. प्रथिनांचा वाटा अल्प असतो. मात्र ग्लायकोजेन संपत आले की तो वाढतो. म्हणजेच पुरेशी कर्बोदके घेणे हाच स्नायूंतील प्रथिनांच्या रक्षणाचा पहिला उपाय ठरतो.

दावे आणि पुरावे

पहिला दावा असा की बीसीएए घेतल्याने स्नायूंची झीज भरून येते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वजने उचलण्याच्या व्यायामानंतर ५.६ ग्रॅम बीसीएए दिल्यावर स्नायूंतील प्रथिननिर्मिती २२ टक्क्यांनी वाढलेली आढळली. परंतु संपूर्ण प्रथिनाने मिळणाऱ्या प्रतिसादापेक्षा ही वाढ कमीच होती. कारण उघड आहे. ल्युसीन गवंड्यास हाक मारते. पण विटा नसतील तर भिंत कशाची बांधायची? उरलेली सहा आवश्यक आम्ले बाहेरून न मिळाल्यास ती शरीरातील प्रथिनांच्या विघटनातूनच घ्यावी लागतात. त्याच वर्षी रॉबर्ट वुल्फ यांनी घेतलेल्या आढाव्यात, केवळ बीसीएएने मानवी स्नायूंची वाढ होते हा दावा निराधार ठरवला गेला.

दुसरा दावा थकव्याविषयीचा. ट्रिप्टोफॅन मेंदूत जाऊन सेरोटोनिन वाढवते व थकवा आणते. बीसीएए त्याची वाट अडवते, असा सिद्धांत एरिक न्यूजहोम यांनी १९८० च्या दशकात मांडला. कल्पना आकर्षक होती. तथापि १९९५ साली नियंत्रित परिस्थितीत सायकलपटूंवर केलेल्या प्रयोगात बीसीएएमुळे थकवा येण्याचा काळ लांबला नाही.

तिसरा दावा वेदनेचा. व्यायामोत्तर वेदना किंचित कमी झाल्याचे काही संकलित विश्लेषणांत दिसते. परंतु पुरेसे प्रथिन आहारात असणाऱ्यास त्याचा वेगळा लाभ होतो, असे त्यातून सिद्ध होत नाही.

आयुर्वेदीय दृष्टिकोन

अर्धशक्ती व्यायामाचा उपदेश आपणा सर्वांस परिचित आहे. वाग्भटाने तो बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्यास, शीत व वसंत ऋतूंत सांगितला आहे. अन्य ऋतूंत त्याहून कमी. अतिव्यायामाने श्रम, क्लम, क्षय, तृष्णा, रक्तपित्त, प्रतमक, कास, ज्वर व छर्दी उद्भवतात, असे चरकाचार्य सांगतात. मॅरेथॉन ही अर्धशक्तीच्या मर्यादेत बसत नाही, हे रुग्णास स्पष्ट सांगावे. तरीही तो धावणारच असेल, तर त्याची पूर्वतयारी व श्रमपरिहार आपल्या हाती आहे.

येथे चरकोक्त श्रमहर महाकषाय विचारात घेण्यासारखा आहे. द्राक्षा, खर्जूर, प्रियाल, बदर, दाडिम, फल्गु, परूषक, इक्षु, यव व षष्टिक ही ती दहा द्रव्ये. यांतील प्रियाल म्हणजे चारोळी वगळता बाकी सर्व प्राधान्याने मधुर फलरस, ऊस व धान्य, म्हणजेच कर्बोदकप्रधान आहेत. मांसवर्धक द्रव्यांची गणना आचार्यांनी बृंहणीयात स्वतंत्र केली. श्रम घालवणे आणि मांस वाढवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा त्यातील बोध आहे. आधुनिक शरीरक्रियाशास्त्रही प्रथम जल, लवण व कर्बोदके आणि त्यासोबत प्रथिन असाच क्रम सांगते.

आहारयोजना

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढास दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिन रोज पुरेसे आहे. नियमित कठोर व्यायाम करणाऱ्यासाठी क्रीडापोषणतज्ज्ञ १.२ ते २ ग्रॅम सांगतात. आणि व्यायामोत्तर एका वेळी किलोमागे सुमारे ०.२५ ते ०.३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीस १५ ते १८ ग्रॅम.

आता हिशेब पाहू. ५० ग्रॅम मूगडाळ व ७५ ग्रॅम तांदूळ यांच्या खिचडीत सुमारे १७ ग्रॅम प्रथिन असते. तांदळात लायसीन कमी, डाळीत मेथिओनीन कमी. एकाची उणीव दुसरे भरून काढते. पाव लिटर गायीच्या दुधात सुमारे ८ ग्रॅम प्रथिन असते. या दोहोंतून ल्युसीन सव्वादोन ग्रॅमच्या आसपास मिळते. ५ ग्रॅम बीसीएए चूर्णात, नेहमीच्या २:१:१ प्रमाणानुसार, ते अडीच ग्रॅम असते. फरक किती व किमतीतील तफावत किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

धावून आल्यावर प्रथम सैंधव व साखर घातलेले लिंबाचे सरबत किंवा खर्जूरादि मंथ, नंतर खारीक घालून उकळलेले दूध, आणि भूक लागल्यावर सतूप मूगखिचडी असा क्रम ठेवावा. दूध व खिचडी एकत्र देऊ नयेत, हे वैद्यवाचकांस सांगावयास नको. माष गुरू असल्याने अग्निबल पाहूनच योजावा. प्रमेही रुग्णात मधुर द्रव्यांचे प्रमाण रक्तशर्करा पाहून ठरवावे. सायंकाळी तीलतैल वा बलातैलाने सौम्य अभ्यंग आणि पुरेशी निद्रा यांना पर्याय नाही. अश्वगंधेवर २०१५ साली भारतात ५७ तरुणांवर झालेल्या चाचणीत स्नायुइजा कमी आढळली. परंतु ती चाचणी शक्तिव्यायामावरील होती, हे ध्यानात ठेवावे.

चिकित्सालयात व दुकानात घ्यावयाची दक्षता

१. धावल्यानंतर मूत्र चहासारखे गडद होणे व स्नायूंत तीव्र वेदना ही स्नायुविघटनाची लक्षणे होत. अशा वेळी चूर्ण वा वेदनाशामक गोळी देऊ नये. वृक्कास गंभीर अपाय संभवतो. रुग्णास त्वरित रुग्णालयात पाठवावे. अतिजलपानानंतर वांती, भ्रम वा गुंगी असल्यास रक्तातील सोडियम घटल्याची शंका घ्यावी.

२. कंपवाताच्या रुग्णास लेव्होडोपा चालू असल्यास अमिनो आम्ले त्याचे शोषण व मेंदूतील प्रवेश रोखतात. कपिकच्छूच्या बीजातही लेव्होडोपा असल्याने तीच काळजी घ्यावी.

३. वृक्कविकारात प्रथिनचूर्ण स्वतःहून देऊ नये. यकृतविकारजन्य मस्तिष्कविकृतीत बीसीएएचा खरा उपयोग आहे. परंतु तो तज्ज्ञाच्या देखरेखीखाली.

४. स्पर्धक खेळाडूस विषतिंदुक वटी, अग्नितुंडी वटी यांसारखे कुपीलुयुक्त कल्प देऊ नयेत. कुपीलुतील स्ट्रिक्निन हे स्पर्धाकाळात निषिद्ध उत्तेजक आहे. सोमलतेतील एफेड्रिनही ठरावीक मर्यादेपलीकडे निषिद्ध आहे. ‘वैद्यांनी दिले होते’ या उत्तराने खेळाडूची जबाबदारी टळत नाही. त्याची कारकीर्द मात्र संपू शकते.

५. ही उत्पादने औषध नसून अन्न या वर्गात मोडतात. विक्रेत्याकडे अन्न परवाना वा नोंदणी हवी. वेष्टनावर परवाना क्रमांक व ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा आशयाची सूचना आहे का, ते पाहावे. प्रथिन नत्रावरून मोजले जात असल्याने स्वस्त ग्लायसीन वा टॉरीन मिसळून आकडा फुगवता येतो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात तपासलेल्या ३६ प्रथिनचूर्णांपैकी २५ मध्ये वेष्टनावरील प्रथिनाचा आकडा चुकीचा आढळला.

निष्कर्ष

अमिनो आम्ले शरीरास आवश्यक आहेत. त्यांची वेगळी चूर्णे बहुतेकांस आवश्यक नाहीत. ज्याचा आहार पुरेसा व अग्नी सम आहे, त्यास अन्नातूनच सर्व काही मिळते. ज्याचा आहार अपुरा आहे, त्यास प्रथम आहार सुधारण्यास सांगावे. नाइलाज असेल तर बीसीएएपेक्षा विश्वासार्ह संपूर्ण प्रथिन बरे. ज्याचा अग्नी मंद आहे, त्याने कितीही महाग डबा आणला तरी पचवणार कशाने? रुग्णाने ‘बीसीएए घेऊ का?’ असे विचारल्यास आपण आधी विचारावे: काय खाता, किती झोपता आणि लघवीचा रंग कसा आहे?